कोड असलं की कानावर पण परिणाम होतो का?

मिरजेची_लेक: आईला (वय ५८) बारा वर्षांपासून कोड आहे, आधी बोटांची टोकं, मग ओठ. आता वर्षभर बघतेय, वॉशिंग मशीनची पीं-पीं तिला ऐकूच येत नाही, कपडे आत आंबतात, पण मी हाक मारली की लगेच ओ देते. परवा भाजीवाला साठ म्हणाला, हिने आठ ऐकलं आणि खुशीत दहाची नोट पुढे केली. शेजारच्या काकू म्हणतात कोड कानात उतरलं. स्किनवाले डॉक्टर म्हणे वय झालं. कुणाला अनुभव?

कानगोष्टी: ताई, कोड कानात "उतरत" वगैरे नाही, पण काकू अगदीच चुकल्या नाहीत. रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी फक्त त्वचेत नसतात, आतल्या कानातही असतात, आणि तिथल्या द्रवात साधारण ८० मिलिव्होल्टचा चार्ज टिकवायला त्या लागतात, म्हणजे ऐकण्याची बॅटरीच समजा. कोडात आपलीच इम्युनिटी याच पेशींवर उठते, त्यामुळे कानातल्यांनाही झळ बसत असावी. कोड असलेल्यांच्या टेस्टमध्ये वरच्या पट्टीचं ऐकणं कमी झालेलं बऱ्याचदा सापडतं, बहुतेकांना पत्ताही नसतो. "स" वरच्या पट्टीत, म्हणून साठचा आठ. पण वयानेही आधी वरचीच पट्टी जाते हो, त्यामुळे नक्की कशामुळे ते नुसत्या ऑडिओग्रामवरून (ऐकण्याच्या टेस्टचा ग्राफ) सांगता येणार नाही.

ठिपकेदार_दादा: मला पण आहे, २२ वर्षं. लोक अजून महारोग समजून हात आखडता घेतात, ते असो. ऑडिओमेट्री करून घ्या, हेडफोन लावून बंद खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. माझं २००० हर्ट्झपर्यंत एकदम ओके आणि ४००० ला ग्राफ जिन्यावरून पडल्यासारखा खाली. ८००० पर्यंत करा म्हणून आधीच सांगा. आणि थायरॉइड बघितलंय का, कोडासोबत बऱ्याचदा निघतो.

रात्रपाळी_सिस्टर: एक वेगळं सांगते, तुमच्या आईला हळूहळू झालंय म्हणून घाबरू नका. पण कुणाला एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा डोकेदुखी, कानात गुणगुण आणि धूसर दिसणं एकत्र आलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. व्होग्ट-कोयानागी-हराडा म्हणून आजार आहे, डोळे कान त्वचा तिन्ही धरतो, स्टेरॉइड वेळेत लागतात. आणि कानात गरम तेल नको, प्लीज.

मिरजेची_लेक: थँक्यू सगळ्यांना. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. आईचं म्हणणं तीच नॉर्मल, मीच पुटपुटते. तोवर मशीनच्या वेळेला तिच्या मोबाइलवर व्हायब्रेटचा अलार्म लावलाय, निदान कपडे तरी आंबत नाहीत.