मदत हवी आहे: हृदयाचा टी-टू-स्टार २२ वरून १३ वर आलाय, पण मशीनही बदललंय

नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया मेजर आहे, लहानपणापासून रक्त चढवावं लागतं, त्यातून अंगात लोह साठतं आणि ते काढायला डेफेरासिरॉक्स चालू आहे. दरवर्षी एमआरआयवर हृदय आणि लिव्हरमधलं लोह मोजून घेतो, कारण नुसत्या फेरिटिनवर (रक्ततपासणीतून लोहसाठ्याचा अंदाज देणारा आकडा) विसंबता येत नाही, साधं इन्फेक्शन झालं तरी ते वर जातं आणि कधी कधी फेरिटिन बरं दिसत असतानाच हृदयात लोह साठत असतं.

गेल्या वर्षी हृदयाचा टी-टू-स्टार (एमआरआयवर लोहाचा अंदाज देणारा आकडा) २२ मिलिसेकंद होता आणि लिव्हरमध्ये ग्रॅममागे ९ मिलिग्रॅम लोह. यंदा लिव्हर ५ वर आलं म्हणून खुश झालो तर खालच्याच ओळीत हृदयाचा आकडा १३! लोह जितकं जास्त तितका हा आकडा कमी, २० च्या खाली गेला की हृदयात लोह आहे असं धरतात आणि १० च्या खाली हार्ट फेल्युअरचा धोका खूप वाढतो, एवढं आता पाठ झालंय, त्यामुळे घरात सगळेच हादरलेत.

मग रिपोर्ट परत नीट वाचला तर वर बारीक अक्षरात ३ टेस्ला (मशीनच्या चुंबकाची ताकद) लिहिलंय. आधीचे सगळे स्कॅन १.५ टेस्लाचे. ती २० ची मर्यादा १.५ टेस्लाची आहे, ३ टेस्लावर तेवढंच लोह असलं तरी आकडा बराच खाली येतो. शेऱ्यात मात्र "सौम्य ते मध्यम लोहसाठा" असंच लिहिलंय, म्हणजे जुनीच मर्यादा लावली की काय? पण लिव्हरमधलं लोह लवकर निघतं आणि हृदयातलं फार सावकाश, म्हणजे लिव्हर सुधारत असताना हृदय बिघडलेलं असू शकतं, त्यामुळे मशीनचाच फरक म्हणून सोडूनही देववत नाही.

या रिपोर्टवरून डेफेरिप्रोन हे लोह काढायचं दुसरं औषध जोडायचं चाललंय. हृदयासाठी ते चांगलं औषध आहे, पण त्यात पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, सारखं रक्त तपासावं लागतं, म्हणून आकडा पक्का झाल्याशिवाय नको वाटतं.

कुणी रेडिओलॉजीतलं असेल तर प्लीज सांगा, ३ टेस्लावरचा १३ म्हणजे १.५ वर साधारण किती धरायचा? मोजमाप सेप्टमवरच (हृदयाच्या डाव्या-उजव्या भागांमधल्या भिंतीवर) घेतलंय का हे रिपोर्ट देणाऱ्यांना विचारलं तर चालतं ना (बाहेरच्या भिंतीला फुफ्फुसातल्या हवेमुळे आकडा चुकतो असं वाचलंय)? की सरळ १.५ टेस्लावर पुन्हा स्कॅन करून घेऊ? काँट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, फक्त श्वास रोखून धरताना त्याला त्रास होतो, त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.