वांग्याची कापं, भेंडी तळायला तेल कोणतं?

कोथिंबीर: बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय पण कापं आणि कुरकुरीत भेंडी त्यांना लागतेच, मग रिफाइंड सूर्यफूल घेऊ की घाण्याचं करडई?

वरणभात: करडई तळायला नको ताई, त्यातलं पॉलिअनसॅच्युरेटेड फॅट जास्त तापलं की लवकर बिघडतं. आमच्याकडे शेंगदाणा तेलच.

लिंबूमिरची: शेंगदाण्याला +१. पण धूर येईपर्यंत तापवू नका, आणि कापं बुडवून कशाला तळायची, रवा लावून तव्यावर कडेने चमचाभर तेल सोडा, झाकण न ठेवता मंद आचेवर, मस्त होतात!

वरणभात: आणि उरलेलं तेल परत परत तापवू नका प्लीज, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) पण पोलर कंपाउंडची, म्हणजे तेल तापून बिघडलं की त्यात तयार होणाऱ्या घटकांची, २५ टक्क्यांची मर्यादा घातलीय.

कोथिंबीर: शेंगदाणाच आणते. भेंडी पण तव्यावर होईल?

लिंबूमिरची: होते की, धुऊन कोरडी पुसून मग चिरा, मीठ शेवटी.