मदत हवी आहे: एचडीपीई (प्लास्टिक) पाइपात वॉटर हॅमरची (पाणी अचानक थांबल्यावर उठणाऱ्या दाबाची) लाट गणितापेक्षा लवकर का मरते?

नमस्कार मंडळी, आमच्या शेतात नदीवरून विहिरीपर्यंत ६०० मीटर एचडीपीई लाइन आहे, लाइट गेली की एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) धाडकन बसतो आणि पाइप अक्षरशः उडतो, म्हणून मी एम.टेक.च्या प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय. पाण्याचा वेग १.५ मीटर/सेकंद, लाटेचा वेग साधारण ३०० मीटर/सेकंद धरला तर जुकोव्स्कीच्या सूत्राने (लाटेचा वेग × पाण्याचा वेग ÷ g) जवळपास ४६ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) वाढतं, ते पहिल्या धक्क्याला बऱ्यापैकी जुळतंय. पण पुढे घोळ आहे. नेहमीचं डार्सीचं (स्थिर प्रवाहाचं) घर्षण घालून मेथड ऑफ कॅरॅक्टरिस्टिक्सने (लाटेची समीकरणं टप्प्याटप्प्याने सोडवायची पद्धत) सोडवलं की लाट दर ८ सेकंदांनी येतच राहते, सेन्सरवर मात्र तीन-चार फेऱ्यांत सपाट, शिवाय फेरीही हळूहळू लांबत जाते.

प्लास्टिक ताणलं जातं, उशिरा परत येतं आणि त्यातच ऊर्जा खातं, हे कळलंय. मग केल्विन-व्हॉइट मॉडेलचे (असं उशिरा ताणणं स्प्रिंग-डॅम्परच्या जोड्यांनी दाखवणारं मॉडेल) किती घटक घ्यावेत? क्रीपचे (ताणाखाली प्लास्टिक हळूहळू वाढत जाण्याचे) आकडे टेस्टशिवाय कसे काढायचे, सेन्सरच्याच डेटावरून काढले तर अनस्टेडी घर्षणाचा (वेग झपाट्याने बदलताना होणाऱ्या जादा घर्षणाचा) वाटा त्यात मिसळणार ना? आणि पाइप उघड्यावर, दुपारी चांगलाच तापतो, तर दिवसा-रात्रीचे आकडे वेगळे धरू का? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, खरंच अडकलोय.