मदत हवी आहे: लोकप्रियतेवरून खेळाडूच्या कामगिरीचा अंदाज बांधता येतो का?

नमस्कार.

संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी भारतीय ऑलिंपिक खेळाडूंची समाजमाध्यमांवरील लोकप्रियता आणि त्यांची कामगिरी यांचा संबंध तपासतो आहे. सुरुवातीला मी प्रत्येकाचे इन्स्टाग्रामवरचे आजचे फॉलोअर मोजले आणि त्यांवरून पॅरिस २०२४ मधील क्रमांकाचा अंदाज बांधला. निकाल इतका चांगला जुळला की मलाच शंका आली.

चूक लवकरच सापडली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा होता आणि १ ऑगस्टला त्याने कांस्यपदक जिंकले, तोवर नेमबाजीच्या वर्तुळाबाहेर त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. फॉलोअर आले ते पदकानंतर, आणि माझे मॉडेल त्यांनाच पदकाची पूर्वसूचना मानत होते. थोडक्यात, वरातीमागून घोडे.

म्हणून आता विकिपीडियाच्या पानांची दैनंदिन वाचनसंख्या घेतो आहे. ती जुलै २०१५ पासून उपलब्ध असल्याने स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंतचेच आकडे वापरता येतात. मात्र लोक पान का उघडतात, हे त्यातून कळत नाही. ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली, तेव्हाही सगळा देश तिच्याविषयीच वाचत होता.

खरी अडचण पुढेच आहे. युचेसॉय आणि बाराबासी या संशोधकांनी २०१६ मध्ये टेनिसपटूंच्या कामगिरीवरून त्यांच्या विकिपीडिया पानांच्या वाचनसंख्येचा अंदाज बांधून दाखवला, म्हणजे माझ्या नेमक्या उलट दिशेने. लोकप्रियता हीच जर जुन्या कामगिरीची सावली असेल, तर हंगामातील सर्वोत्तम कामगिरी मॉडेलमध्ये घेतल्यावर तिच्याकडे सांगण्यासारखे वेगळे काय उरते? पॅरिसमध्ये भारताच्या भालाफेकीत सर्वाधिक चर्चा नीरज चोप्राचीच होती, त्याने ८९.४५ मीटर फेकही केली, पण अर्शद नदीमच्या ९२.९७ मीटरचा सुगावा त्या चर्चेतून कुणालाही लागला नसता.

लोकप्रियतेचा आणि जुन्या कामगिरीचा असे हे दोन परिणाम वेगळे कसे करावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. टोकियोच्या माहितीवर मॉडेल बसवून पॅरिसवर तपासण्याचा विचार आहे, परंतु ११७ खेळाडू आणि सहाच पदके एवढ्यावर ते टिकेल का, की पदकांचा नाद सोडून एकाच क्रीडाप्रकारातील वर्षभराच्या स्पर्धा घ्याव्यात? तसेच इन्स्टाग्रामच्या जुन्या फॉलोअर संख्या तारीखवार साठवलेल्या कुठे मिळत असतील, तर तेही कळवावे.