झेंडा एकाचा, मालक दुसरा, खलाशी आमचा. मग जहाजावरचा हल्ला कोणावर धरायचा?

धोपावेकरीण, ता. गुहागर

माझा धाकटा भाऊ बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, ऑइलर आहे, इंजिनाचं तेलपाणी बघतो. झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक, इंजिनरूममधली निम्मी माणसं आपली. साइन ऑन करताना आफ्रिकेला वळसा घालून जाणार असं सांगितलं होतं. आता जहाज अमिरातीतल्या फुजैराला इंजिनाचं तेल भरायला नांगर टाकून आहे आणि तिथे कळलं की बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून, तांबड्या समुद्रातून जायचंय. तिथेच येमेनचे हुथी बंडखोर गाझाचं नाव सांगून २०२३ पासून जहाजांवर हल्ले करत आलेत. वळशाचे दहा-बारा दिवस आणि तेवढं इंधन वाचतं.

परवा दाभोळच्या फेरीबोटीत चार बाप्ये याच विषयावर हमरीतुमरीवर आले. एक म्हणे, अमेरिकेनं येमेन भाजून काढावं. दुसरा म्हणे, गाझात पोरं मरतायत, कोणीतरी जहाजं अडवणारच. बोट धोपाव्याला लागेपर्यंत क्षेपणास्त्रं झाली, विमानवाहू नौका झाल्या. जहाजावर माणसं असतात हे एकाच्याही तोंडी आलं नाही. गाझातल्या पोरांसाठी माझाही जीव तुटतो. पण खत घेऊन युरोपला निघालेल्या माझ्या भावानं कोणाचं काय बिघडवलंय?

डिसेंबर २०२३ मध्ये केम प्लुटो या टँकरवर ड्रोन आदळलं ते तर आपल्याच अरबी समुद्रात, गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर. झेंडा लायबेरियाचाच, तेल मंगळूरला येणारं, आणि एक सोडला तर सगळे खलाशी भारतीय. तो हल्ला लायबेरियावरचा म्हणायचा का? लायबेरिया कोणाला जाब विचारणार?

आई रोज रात्री माझ्या मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघितल्याशिवाय झोपत नाही. त्या पट्ट्यात जहाजं एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते दाखवणारी यंत्रणा, बंद करतात असं भाऊ सांगतो. ठिपका नाहीसा झाला की तिला काय सांगू? जाणकारांनी लिहा.

निवृत्त सारंग, हर्णै

बाय, १९८७ साली इराण-इराकच्या लढाईत मी आखातात टँकरवर होतो, पनामाच्या झेंड्याखाली. त्याच वर्षी कुवेतनं आपल्या ११ टँकरांवर अमेरिकेचा झेंडा चढवला. का, तर झेंडा अमेरिकेचा म्हणजे अमेरिकन आरमार सोबतीला. आमच्या सोबतीला कोण नाही. रात्री पोर्टहोलला कांबळी लावून, डेकवरचे दिवे मालवून जायचो. बिडी ओढायची तर आत. त्यामुळे तुझा प्रश्न नवा नाही, तेव्हाही आम्ही हेच विचारत होतो.

पण झेंडा बदलून सगळं भागतं असंही समजू नको. त्यांच्या पहिल्याच ताफ्यात, २४ जुलैला, ब्रिजटन सुरुंगावर गेली. मोठा टँकर म्हणून तरली. पुढे राखणीला आलेल्या युद्धनौकाच तिच्या मागून चालल्या, कारण त्यांचा पत्रा पातळ!

वकील, रत्नागिरी

ताई, तुमच्या प्रश्नाला न्यायालयाचं उत्तर आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही. सारंगकाका सांगतायत त्याच काळातलं प्रकरण पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. अमेरिकेनं समुद्रातले इराणचे तेल काढायचे फलाट उद्ध्वस्त केले होते आणि आमच्या जहाजांवर हल्ले झाले म्हणून आम्ही स्वसंरक्षण केलं असं तिचं म्हणणं होतं. २००३ च्या निकालात न्यायालय म्हणालं की टेक्साको कॅरिबियन या जहाजावर अमेरिकेचा झेंडा नव्हता, मालकी कोणाचीही असो, त्यामुळे त्यावरचा हल्ला म्हणजे अमेरिकेवरचा हल्ला धरता येत नाही. मालकाची ही गत, तर खलाशाचं नागरिकत्व कुठे मोजणार? भारत निषेध करू शकतो, माणसं सोडवायला वाटाघाटी करू शकतो. पण कागदावर ते जहाज लायबेरियाचंच.

माजी नौसैनिक, मालवण

वकीलसाहेब, कागद बरोबर, पण समुद्रावर तसं चालत नाही. २६ जानेवारी २०२४ ला मार्लिन लुआंडा या टँकरवर हुथींचं क्षेपणास्त्र पडलं. झेंडा मार्शल बेटांचा, पोटात नॅफ्था, भडकणारं तेल. वर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमची दहा जणांची तुकडी त्या जळत्या जहाजावर चढली आणि सहा तास आगीशी झुंजली. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर हल्ला झाला तेव्हा त्यावरच्या २१ जणांना आयएनएस कोलकातानं उचललं. त्यात भारतीय एकच होता. झेंडा कोणी विचारला नाही.

मात्र त्या जहाजावरचे तिघं तोवर गेले होते, हेही सांगितलं पाहिजे. आरमार जवळ असलं तरी क्षेपणास्त्राला मिनिटंच लागतात.

आंबा बागायतदार, देवगड

गाझाचं नाव घेऊन हुथींना सवलत देऊ नका. त्यांनी पकडलेल्या गॅलक्सी लीडर या जहाजाचे २५ खलाशी नोव्हेंबर २०२३ पासून चौदा महिने त्यांच्या कैदेत होते. त्यात फिलिपिन्सचे होते, बल्गेरियाचे होते. त्यांचा आणि इस्रायलचा काय संबंध? ठोकल्याशिवाय हे थांबायचं नाही.

धोपावेकरीण

दादा, सवलत मी कोणालाच देत नाही. पण ठोकाठोक सुरू होते तेव्हा त्या पाण्यात भाऊ असतो. मी बोलतेय ती या एवढ्याबद्दल.

मुंबईत युनियनच्या कामात, मूळ दापोली

ताई, एक कामाची गोष्ट. भावाला आयबीएफ करार, म्हणजे जहाजमालक आणि खलाशांच्या युनियन यांच्यातला आंतरराष्ट्रीय करार, लागू आहे का ते आजच बघायला सांगा. मार्च २०२४ मध्ये दक्षिण तांबडा समुद्र आणि एडनच्या आखाताचा काही भाग त्यात युद्धसदृश क्षेत्र ठरला. अशा क्षेत्रात जायला खलाशी नकार देऊ शकतो, घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. गेला तर मूळ पगाराइतका जादा बोनस, आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट. यादी बदलत राहते, म्हणून आजची स्थिती युनियनला विचारून घ्या. नकार कॅप्टनला लेखी द्यायचा, तोंडी नाही. आणि तो फुजैरालाच द्यायचा, नांगर उचलल्यावर कोण उतरवणार?

धोपावेकरीण

रात्री बोलणं झालं. करार लागू आहे. पण म्हणतो, ऑइलर तिघंच आहोत, मी उतरलो तर बाकी दोघांवर सहा-सहा तासांच्या वॉच येतील, त्यातला एक पहिल्याच जहाजावर आहे. मी त्याला म्हटलं, मग तिघं मिळून लिहा. आधी गप्प बसला, मग म्हणाला, विचारतो.

आईला मी सगळं खरं सांगितलं, बोनसचंसुद्धा. ती एवढंच म्हणाली, त्याला सांग, पैसे नकोत. जहाज अजून फुजैरालाच आहे, ठिपका दिसतोय. काही कळलं की इथेच लिहीन.