अनुभव धागा : नील बेटावर एक दिवस

अंदमानची बुकिंगं सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो : नील एका दिवसात होतं का? नील म्हणजे आताचं शहीद द्वीप. नाव २०१८च्या डिसेंबरात बदललं, बोलण्यात मात्र अजून जुनंच आहे. ज्यांना बेट नीट माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. समुद्राचा रंग फोटोत दिसतोच, त्यामुळे वेळा, अंतरं, क्रम आणि कुठे काय बिघडतं एवढंच लिहा. (प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खाडीकाठ

पहिलं काम भरती-ओहोटीचं कोष्टक काढणं, हॉटेल नंतर. कोष्टक पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) घ्या. कोकणातला "तिथीची पाऊणपट" (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) हा हिशोब तिथे चालत नाही, भरती त्याच्या बरीच आधी येते.

ढोबळ मानाने, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सकाळी दहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी चारच्या सुमारास. रोज पाऊण-एक तास पुढे सरकत अष्टमीच्या आसपास हे उलटं होतं : ओहोटी सकाळी, भरती दुपारी. सगळा दिवस यावर लावायचा, कारण नॅचरल ब्रिजला (किनाऱ्यावरची खडकाची कमान) ओहोटी लागते आणि भरतपूर किनाऱ्यावरच्या काचतळाच्या बोटींना पाणी. टूरवाले छापील क्रमाने फिरवतात. मग ब्रिजपाशी गुडघाभर पाणी असतं आणि भरतपूरला बोट वाळूवर बसलेली असते.

उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे) दिवस असतील तर सकाळी भरतपूर, दुपारी तीनला ब्रिज, तिथून थेट लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. अष्टमीच्या बाजूला ब्रिज सकाळी, भरतपूर जेवणानंतर. आणि घड्याळ आपलं असलं तरी सूर्य पूर्वेचा आहे : डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. "सहाला निघू सनसेटला" म्हणणाऱ्यांना अंधार मिळतो.

दगडधोंडा

ब्रिजबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पाय तिथेच मुरगळतात. (स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणतात. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे नावही तिकडचंच.) पायऱ्या उतरल्यावर मेलेल्या प्रवाळाच्या खडकावरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं असतं. हा खडक कोरडा असतो तेव्हा चांगली पकड देतो, पण कडा ब्लेडसारख्या असतात. हिरवट दिसेल तिथे शेवाळ आहे, पाय ठेवू नका. चप्पल, क्रॉक्स, फ्लोटर यांतलं काही नको. मागून बंद, जाड तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट घाला. आधी पाय टेकवायचा, मग वजन टाकायचं.

खरी मजा कमानीपेक्षा वाटेवरच्या डबक्यांत आहे. उन्हाची तिरीप पाण्यावर चमकते म्हणून आत काही दिसत नाही. आपली सावली डबक्यावर पडेल असं उभं राहा आणि मिनिटभर हलू नका. काळी समुद्रकाकडी, कपारीतला खेकडा, दगडात रुतलेल्या शिंपल्याचे निळे-जांभळे ओठ दिसायला लागतात. सावली हलली की ओठ मिटतात. वाटाड्या काकडी उचलून हातात द्यायला लागला तर नको म्हणा.

कोष्टकात ओहोटीच्या वेळेसोबत उंचीही बघा. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत ओहोटी असूनही खडक पुरता उघडा पडत नाही. आणि सर्वात कमी पाण्याच्या तासभर आधी उतरा, नंतर नको. परतीची वाट भरायला लागते.

पाणकोंबडी

भरतपूर जेट्टीला लागूनच आहे. स्नॉर्कलिंगच्या आधी मास्क तपासा : पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर बसतोय. बसणाऱ्या मास्कमध्ये पाणी शिरण्याची नेहमीची कारणं दोन, रबराखाली अडकलेले केस आणि मिशी. मिशीला व्हॅसलिन लावा. काच धुरकट होऊ नये म्हणून बेबी शाम्पूचा थेंब चोळून हलकं विसळायचं. पाठ जळते ती पाण्यात असतानाच, म्हणून क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. प्रवाळावर उभं राहायचं नाही, दमलात तर उताणे तरंगा.

स्कूबा करणार असाल तर शेवटच्या बुडीनंतर विमानाला किमान १८ तास द्या, २४ उत्तम.

उलटीबहाद्दर

बोट लागणाऱ्यांनी अ‍ॅव्होमिनची गोळी बोट सुटायच्या एक-दोन तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. पण तिने झोप येते, म्हणजे उतरल्या उतरल्या स्कूटर चालवायची नाही. जागा मागच्या बाजूची, मधली. पुढच्या काचेजवळची सीट फोटोला छान, पोटाला वाईट.

रस्सावाटी

स्कूटर घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, मूळ लायसन्स जवळ ठेवा. बेट इतकं लहान आहे की लिटरभर पेट्रोलात दिवस निघतो. जेवण बाजारात, मासळी-भाताची थाळी. बेटावर भाजी भरपूर पिकते, शाकाहारींचे हाल होत नाहीत. रोकड न्या, रेंजच्या भरवशावर यूपीआय नको.

खाडीकाठ

मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. परतीची बोट दुपारची असेल तर अष्टमीच्या बाजूला एका दिवसात ब्रिज आणि भरतपूर होतं. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीच्या आधी बोट सुटते, मग मुक्काम करा आणि पहाटे सीतापूर किनाऱ्यावरचा सूर्योदय पदरात पाडून घ्या. तिथे लाटा जोरात असतात, पोहायला उतरू नका. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पूर्ण पँट घाला. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, म्हणून नील सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नये. शंख-प्रवाळ बॅगेत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.