नगर रोडची बीआरटी उखडली : सुटलो की फसलो?

वाघोलीकर : पुण्यात नगर रोडवर येरवडा ते वाघोली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव लेन, 2016 मध्ये सुरू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तोडली. कारण सांगितलं, कोंडी. गर्दीच्या वेळी एका बसमध्ये साठेक माणसं असतात. तेवढ्या जागेत तीन कार मावतात आणि त्यांत बहुधा तीनच माणसं. मग रस्ता अडवला कोणी? दुरुस्त करायची गोष्ट आपण मोडून टाकली.

दुचाकीवाला_खराडी : साहेब, उजवीकडची लेन रिकामी आणि आम्ही डावीकडे धूर खात उभे. हे रोज भोगलंय. दिल्लीनं 2016 ला काढली, इंदूरनं 2025 मध्ये काढायला घेतली. सगळेच वेडे का?

वाघोलीकर : दिल्लीचा तुकडा जेमतेम 5.8 किमीचा होता. अहमदाबादची 2009 पासून चालू आहे, तिचं नाव का घेत नाही?

पासधारक : दोघांनाही बसची वाट बघायची सवय दिसत नाही. लेन रिकामी दिसायची कारण बसच कमी होत्या! थांबे रस्त्याच्या मधोमध, म्हणजे उजव्या दाराची बस हवी. ती बंद पडून साधी आली की थांबा असून नसल्यासारखा, पळा रस्त्यावर. मधल्या थांब्यावर पोचायचं तर जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. वर लेनमध्ये दुचाक्या घुसणार. (हो खराडीवाले, तुमच्याबद्दलच बोलतेय.) मला लेन हवीच, पण आधी बस द्या.

मेट्रोप्रेमी : जुनी मढी कशाला उकरता? मेट्रो मार्च 2024 मध्ये रामवाडीला आली. पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत केंद्राची मंजुरी जून 2025 मध्येच मिळाली.

पासधारक : मंजुरीत बसून ऑफिसला जाता येत नाही हो. आणि रामवाडीला उतरल्यावर पुढे काय, रिक्षा? त्याच जूनमध्ये पीएमपीचं, म्हणजे शहर बसचं, किमान तिकीट 5 चं 10 झालं. मेट्रोला माणसं आणून सोडणारी बसच महाग केली.

दुचाकीवाला_खराडी : ताई, दर पाच मिनिटाला बस द्या, गाडी घरी ठेवतो. तोवर लेन कोंडून शिक्षा आम्हाला का?

वाघोलीकर : कोंडीत अडकलेली बस पाच मिनिटाला येणार कशी? निदान सकाळी 8 ते 11 डावी लेन फक्त बसला द्या. कडेच्या गाड्या उचला, वॉर्डन उभा करा. तोडफोड नको, खर्चही फार नाही.

दुचाकीवाला_खराडी : कडेच्या गाड्या उचलणार? दुकानदार आणि नगरसेवक दोघं मिळून टोइंगची गाडीच उचलतील. पण करून दाखवा, माझी हरकत नाही.